मॅपिंग ‘लर्न’ने बांधायचं की फाइल उघडून हाताने लिहायचं?

काळीतबकडी
धाग्याचा विषय शीर्षकातच आहे: डीजे कंट्रोलरचं मॅपिंग, म्हणजे त्यावरच्या कोणत्या बटणाने सॉफ्टवेअरमध्ये काय व्हावं याची यादी, ‘लर्न’ने (बटण दाबून सॉफ्टवेअरला शिकवून) करायची की फाइलमध्ये लिहायची. माझं मत: चार बटणं बदलायची असतील तर लर्न ठीक. पन्नासेक नियंत्रणांचं मॅपिंग त्याने बांधलंत, तर हाती येतं लेबलं नसलेल्या डब्यांचं फडताळ.

मिक्सचं उदाहरण घेतो (शेवटी तीन एक्सवालं, मुक्त डीजे सॉफ्टवेअर). त्याचं मॅपिंग म्हणजे साधी एक्सएमएल फाइल आणि लागल्यास जोडीला जावास्क्रिप्ट. एका बटणाच्या नोंदीत गट (कोणता डेक), कृती, स्टेटस बाइट (संदेशाचा प्रकार आणि चॅनेल), नोट क्रमांक (कोणतं बटण) आणि पर्याय एवढंच असतं. डेक १ च्या (सॉफ्टवेअरमधल्या पहिल्या प्लेयरच्या) नोंदी तपासून झाल्या की कॉपी करायच्या, गट बदलायचा, आणि दोन्ही डेक वेगळ्या मिडी (कंट्रोलर आणि सॉफ्टवेअर ज्यातून बोलतात ती संदेशपद्धत) चॅनेलवर असतील तर स्टेटस हेक्स (सोळा-आधारी आकड्यांत) ९० चं ९१ (बटणं), बी० चं बी१ (नॉब, फेडर). लर्नने हेच करायचं तर प्रत्येक बटण पुन्हा शिकवत बसा.

पण फाइल उघडण्याआधी मिडी मॉनिटर (येणारे संदेश दाखवणारा प्रोग्राम) लावून प्रत्येक बटण, नॉब, फेडर काय पाठवतो त्याचा तक्ता करा. मग शिफ्ट धरून सगळं पुन्हा. बऱ्याच कंट्रोलरवर शिफ्टबरोबर तेच पॅड वेगळी नोट किंवा वेगळं चॅनेल पाठवतं. तसं असेल तर सॉफ्टवेअरमध्ये शिफ्टचा वेगळा थर (त्याच बटणांना दुसरी कामं) बांधण्याची गरजच नाही, आणि लोक नेमका तोच बांधत बसतात. विंडोजवर एक लक्षात असू द्या: मॉनिटरने पोर्ट धरून ठेवला असेल तर डीजे सॉफ्टवेअरला तो सहसा मिळत नाही. मॉनिटर बंद करा, मग कंट्रोलर ‘बिघडला’ म्हणा.

सॉफ्टवेअरबरोबर आलेली मूळ फाइल बदलू नका, अपडेटमध्ये ती जाते. प्रत वापरकर्त्याच्या ‘कंट्रोलर्स’ फोल्डरमध्ये ठेवा आणि फाइलच्या आतलं नावही बदला, नाहीतर यादीत एकाच नावाची दोन मॅपिंग दिसतात.

नोटऑफ
तक्त्याशी सहमत, बाकी असहमत.

कॉपी-पेस्टमध्ये हमखास सुटणारी ओळ म्हणजे नोट-ऑफ, बटण सोडल्याचा संदेश. क्यूसारखं (धरलं तोवरच वाजवणारं) बटण सोडल्याचंही कळावं लागतं. काही कंट्रोलर सोडताना हेक्स ८० पाठवतात, काही ९० च पाठवून व्हेलॉसिटी (दाबाचा आकडा) शून्य ठेवतात. पहिल्या प्रकारात ८० ची नोंद राहून गेली की क्यू दाबलेलाच राहतो. लर्न विझार्ड दाबणं आणि सोडणं दोन्ही पाहून दोन्ही नोंदी स्वतःच करतं. उलटा फेडर, सॉफ्ट टेकओव्हर (नॉब सॉफ्टवेअरमधल्या किमतीला येऊन मिळेपर्यंत काही न बदलणं) यांच्या खुणाही तिथेच मिळतात.

आणि मधल्या वाटेचा धोका तुम्ही सांगितलाच नाही. हाताने लिहिलेल्या फाइलमध्ये टिपा घालून ठेवल्या, मग कधीतरी प्राधान्यांच्या खिडकीतून एकच नोंद बदलून जतन केली, तर एक्सएमएल नव्याने लिहिली जाते आणि टिपा गायब. काय ती एक पद्धत धरा.

काळीतबकडी
नोट-ऑफचा मुद्दा मान्य. टिपांसाठी म्हणूनच तक्ता वेगळ्या फाइलमध्ये ठेवावा.

पण जॉगचं (तबकडीसारख्या चाकाचं) काय कराल? सापेक्ष एन्कोडर (जागा नव्हे, किती हललं तेवढंच सांगणारा) एका दिशेला १ आणि उलट दिशेला १२७ पाठवतो, किंवा ६५ आणि ६३. पहिल्या प्रकारात ६४ च्या वरच्या किमतीतून १२८ वजा करायचे, दुसऱ्यात सरळ ६४. प्रकार चुकला की एका बाजूला हळूच फिरवलं तरी मोठी उडी बसते. स्क्रॅचसाठी तर एका पूर्ण फेरीत किती टिक येतात ते मोजून स्क्रिप्टला द्यावं लागतं, सोबत तबकडीचा मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांचा वेग. हे विझार्डमधून होणार नाही.

सॉफ्ट टेकओव्हरचंही तेच. नॉब स्क्रिप्टला जोडलेला असेल तर एक्सएमएलमधला तो पर्याय लागू होत नाही, स्क्रिप्टच्या सुरुवातीच्या फंक्शनमध्ये वेगळा चालू करावा लागतो. दिवे पेटत नाहीत पण साधी बटणं चालतात, असं झालं तर आधी एक्सएमएलमधला फंक्शन-प्रिफिक्स आणि स्क्रिप्टमधल्या ऑब्जेक्टचं नाव जुळतंय का बघा. जुळलं नाही तर सुरुवातीचं फंक्शन चालतच नाही.

चारडेक
वाद छान चाललाय, पण ट्रॅक्टर प्रो (दुसरं डीजे सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांना तो गैरलागू आहे. त्याची टीएसआय (मॅपिंगची) फाइल वरून एक्सएमएल दिसते, आत मॅपिंग बेस-६४ मध्ये (बायनरी अक्षरांत लिहायची पद्धत) कोंबलेलं बायनरी. टेक्स्ट एडिटरने उघडून काही वाचता येत नाही.

तिथे शिस्त कंट्रोलर मॅनेजरमध्येच आणायची. प्रत्येक नोंदीच्या टिपेच्या रकान्यात बटणाचं छापील नाव लिहा, आणि एकाच इन-पोर्टवर तीन-चार जेनेरिक मिडी उपकरणं (मॅपिंगची वेगवेगळी पानं) तयार करून मिक्सर, डेक, इफेक्ट, पॅड अशी विभागणी करा. मग इफेक्टचं पान बिघडलं तर तेवढंच काढून जुनं आयात करता येतं. रोजचं जतन म्हणजे एक्सपोर्ट, नावात तारीख.

नोटऑफ
@चारडेक, विभागणी करा, पण मॉडिफायर (शिफ्टसारखी स्थिती लक्षात ठेवणारे आकडे) त्या-त्या उपकरणापुरतेच असतात हे सांगायला हवं होतं. एम१ ते एम८, किमती ० ते ७. डेकच्या पानावर शिफ्टने एम१ ची किंमत १ केली तरी इफेक्टच्या पानाला पत्ता नसतो. शिफ्टची नोंद प्रत्येक पानावर पुन्हा करा. सोडल्यावर किंमत परत ० होते का तेही प्रत्येक पानावर तपासा, ‘होल्ड’ऐवजी ‘डायरेक्ट’ निवडलं गेलं की थर अडकून बसतो.

चारडेक
बरोबर, राहून गेलं.

सोळाहजार
फाइल की लर्न यापेक्षा पिच फेडर (गाण्याचा वेग बदलणारी सरकपट्टी) कसा जोडलाय ते आधी बघा, बहुतेक मॅपिंग तिथेच हुकतात. ७ बिटांत १२८ किमती. ±८ टक्क्यांचा पल्ला धरला तर एक पायरी ०.१२६ टक्के, १२८ बीपीएमला (मिनिटाला ठोके) ०.१६ बीपीएम. नेमकी जागा दोन पायऱ्यांच्या मध्ये आली तर मिनिटाला सुमारे ३८ मिलिसेकंद घसरण, आणि कान ती पकडतो. १४ बिटांत १६,३८४ किमती, प्रश्न मिटला.

१४ बिटांचा फेडर दोन सीसी (नॉब-फेडरचे मिडी संदेश) पाठवतो. प्रमाणानुसार मोठा बाइट ० ते ३१ मधल्या क्रमांकावर, लहान बाइट त्यात ३२ मिळवून. लर्नने नुसता मोठा पकडला तर तुम्ही ७ बिटांवरच राहता, आणि कुणी सांगतही नाही. हाताने लिहिताना लहान बाइट साधा नॉब म्हणून त्याच पिचला जोडला, तर फेडर जरा हलवला की वेग सैरावैरा धावतो. मिक्समध्ये दोन्हींना आपापला १४ बिटांचा पर्याय द्यावा लागतो.

तपासायला फेडर अगदी मध्यावर आणा. मॉनिटरवर मोठा ६४, लहान ० च्या आसपास दिसला पाहिजे. किंचित हलवल्यावर फक्त लहान बाइट बदलत असेल तर फेडर खरंच १४ बिटांचा आहे. लहान बाइट येतच नसेल, तर तो हार्डवेअरनेच ७ बिटांचा आहे. मग पल्ला ±४ वर आणा, पायरी निम्मी होते.