दंतवैद्याकडे कुत्रा सोबत न्यायचा आहे, मदत हवी आहे

फैजपूरकर: पुढच्या आठवड्यात जळगावला दाढेचे रूट कॅनाल ठरले आहे, परंतु खुर्ची मागे झुकताच हातपाय थरथरू लागतात आणि तोंड उघडलेच जात नाही. परदेशांत काही दंतवैद्यांकडे शिकवलेला कुत्रा रुग्णाजवळ बसवतात व त्याने भीती कमी होते, असे वाचनात आले. आमचा लॅब्रॅडॉर अतिशय शांत आहे. त्याला आत नेण्यासाठी काय करावे लागते, एवढेच कृपया लवकर सांगावे. धीर धरा, घाबरू नका, हे सारे सांगून झाले आहे.

तापीकाठ: रुग्ण आपण स्वतः आहात की घरातील मूल? दाढ दुधाची की कायमची? भीती सुईची आहे, यंत्राची की पूर्वीच्या अनुभवाची? मुख्य म्हणजे डॉक्टरांना विचारले आहे का?

पशुवैद्य_धुळे: घरात शांत असणारा कुत्रा दवाखान्यात शांत राहीलच असे नाही. अनोळखी माणसाने घट्ट धरले, शेजारी ट्रे आदळला किंवा मूल किंचाळले तरी तो बिथरत नाही, याची अशा कामाआधी परीक्षा घेतात आणि त्याला हाताळणारा माणूस सतत सोबत असतो. शिवाय माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचेच ध्वनी ऐकू येतात, कुत्र्याला त्याहून पुष्कळ वरचे. त्यामुळे आपल्याला नकोसा वाटणारा यंत्राचा आवाज त्याला असह्य होऊ शकतो. रेबीजची लस व जंतांचे औषध वेळेवर दिले आहे का?

फैजपूरकर: दिले आहे. मुलगी नऊ वर्षांची आहे. पूर्वी एके ठिकाणी पुरेशी बधिरता येण्याआधीच तिचा दात काढला गेला, तेव्हापासून भीती बसली. डॉक्टरांना विचारलेले नाही. ते नकारच देतील.

अमळनेरकर: कुत्र्यापेक्षा मत्स्यालय उत्तम. काचर, सीगल आणि बेक यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील अभ्यासात दंतशस्त्रक्रियेपूर्वी मासे पाहत बसलेले रुग्ण अधिक निवांत आढळले आणि संमोहनाची जोड दिल्याने त्यात विशेष भर पडली नाही. त्यात ना केस, ना चावण्याची धास्ती.

तापीकाठ: परंतु मासे पाहणे आणि ओळखीच्या जिवाच्या पाठीवरून हात फिरवणे एक नव्हे. आणि आठवडाभरात त्या दवाखान्यात टाकी कोण बसवणार?

साक्रीकर: आमच्या आजींना पोपटाशी बोलले की बरे वाटते. पिंजरा नेणे सोपे जाईल.

तापीकाठ: देशी पोपट पाळण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. कृपया हा सल्ला कोणालाही देऊ नये.

दंतवैद्य_चोपडा: ताई, नकार गृहीत न धरता आजच फोन करावा. मी स्वतः उपचाराच्या खोलीत कुत्रा येऊ देणार नाही, कारण यंत्राने लाळेचे तुषार उडतात आणि पुढच्या रुग्णाला दमा किंवा केसांची ॲलर्जी असू शकते. मात्र सकाळची पहिली वेळ घेऊन, बाहेर तिला कुत्र्याजवळ थोडा वेळ बसू द्यावे आणि हात धुऊन आत आणावे, यास माझी हरकत नसती. आधीच्या वेदनेचे भय कुत्रा एकटा घालवू शकणार नाही. प्रत्येक साधन आधी सांगणे, दाखवणे, मगच वापरणे. सुईपूर्वी हिरडीला बधिर करणारे जेल लावणे. आणि तिने हात वर करताच थांबणे, हे डॉक्टरांकडून आधी कबूल करून घ्यावे. त्यांनी ते पाळले, तरच तिचा विश्वास परत येईल.

फैजपूरकर: उद्याच बोलते. तिचा उपचार होईपर्यंत कुत्रा गाडीत ठेवला तर चालेल का?

पशुवैद्य_धुळे: मुळीच नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. बंद गाडीत तो थोड्याच वेळात दगावू शकतो. मुलगी आत गेली की घरातील कोणीतरी त्याला लगेच परत न्यावे.

दंतवैद्य_चोपडा: दाढ दुधाची की कायमची, हे अद्याप समजले नाही. एक्स-रे पाहून डॉक्टरांनाच विचारावे. बैठका किती लागतील, ते त्यावर ठरेल.