नडगीतला ऑस्टिऑइड ऑस्टिओमा: सुईने जाळताना

एकाने विचारलंय की चौदा वर्षांच्या मुलाच्या नडगीतली ८ मिलिमीटरची गाठ हाड उघडून काढावी की रेडिओफ्रीक्वेन्सीने, म्हणजे सुईतून विजेच्या लहरी सोडून त्या उष्णतेने जाळावी. रात्री ठणका आणि आयब्युप्रोफेनने उतार, ही ऑस्टिऑइड ऑस्टिओमाची, म्हणजे हाडातल्या कर्करोग नसलेल्या छोट्या गाठीची ठळक खूण. या मापाला सुईच बरी. ही पद्धत १९९२ मध्ये पहिल्यांदा प्रकाशित झाली.

पूर्ण भूल देऊन, सीटीवर बघत, हाडाच्या कडक कवचातून बारीक ड्रिलने गाठीच्या केंद्रापर्यंत, म्हणजे नायडसपर्यंत जातात. सुई नायडसला टेकली की भुलीतसुद्धा नाडी आणि श्वास एकदम वाढतो, इतकी ती जागा हुळहुळी असते. तिथून बायोप्सीचा तुकडा घ्यायलाच सांगा. मग इलेक्ट्रोडचं, म्हणजे वीज सोडणाऱ्या सुईचं टोक ९० अंश सेल्सिअसला साधारण ५-६ मिनिटं ठेवतात.

इलेक्ट्रोडचं उघडं टोक, तो ज्यातून आत जातो त्या धातूच्या बाहेरच्या नळीला टेकता कामा नये. नळी पुरेशी मागे ओढली नाही तर उष्णता तिच्यातून वर येते आणि कातडी भाजते. नडगीवर मांस कमी, म्हणून हा धोका तिथे जास्त. मांडीवरचं ग्राउंडिंग पॅड (वीज परत नेणारी चिकट पट्टी) नीट चिकटलंय ना, हेही बघायला हवं. गाठ मणक्यात असेल किंवा तिच्यापासून १ सेंटिमीटरच्या आत मोठी नस (मज्जातंतू) असेल तर मात्र हिशेब वेगळा, तिथे घाई नको.

दुखणं परत आलं तर बहुधा टोक नेमकं मध्यात नव्हतं, किंवा नायडस १ सेंटिमीटरहून मोठा असून एकाच जागी जाळलेला असतो. पुन्हा करता येतं.

चालणं लगेच सुरू होतं. धावणं, उड्या मात्र साधारण तीन महिने बंद, कारण भोकामुळे हाड तिथे कमकुवत असतं.