जस्ट वन मराठीत खेळताना 'सेम शब्द' कधी धरायचा?

चिंचोका:
आमची कॉलेजची गँग, एक जण सांगलीत, दोघी नागपूरला, मी पुण्यात आणि एक जर्मनीत, शनिवारी रात्री व्हिडिओ कॉलवर 'जस्ट वन' खेळतो आणि खेळापेक्षा भांडणंच जास्त होतात म्हणून इथे विचारतेय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, लुडोविक रूडी आणि ब्रुनो सॉटेर या दोघांनी बनवलेला खेळ, २०१८ ला आला आणि २०१९ ला जर्मनीतलं 'श्पील देस यारेस' बक्षीस मिळालं. सगळे एकाच बाजूने खेळतात. ज्याच्यावर राज्य त्याने शब्द ओळखायचा, बाकीच्यांनी गुपचूप एकेकच शब्द लिहायचा, आणि दोघांनी सेम लिहिला की दोन्ही बाद, राज्यवाल्याला दाखवायचेच नाहीत. एकूण १३ पत्ते. चुकीचं उत्तर दिलं की तो पत्ता तर जातोच, वर पुढचाही जातो, पास म्हटलं तर तेवढाच जातो.

आम्ही शब्दांची यादी माझ्या बहिणीकडून करून घेतली, राज्यवाला आकडा सांगतो आणि डोळे मिटतो, बाकीचे कागदावर लिहून कॅमेऱ्यासमोर धरतात. (कागद आपल्याला स्वतःच्या खिडकीत उलटा दिसतो, समोरच्यांना सुलटच दिसतो, हे सांगलीकराला अजून पटलेलं नाही, तो दर वेळी उलटी अक्षरं काढायला बघतो.)

आता मुद्दा. नियम असा की अनेकवचन, लिंगबदल, स्पेलिंगची चूक हे सगळं सेमच धरायचं आणि मूळ शब्दाच्या कुळातला शब्द क्लू म्हणून द्यायचा नाही. इंग्रजीत ठीक आहे हो, प्रिन्स-प्रिन्सेस सेम, संपलं. पण गेल्या वेळी शब्द होता 'आजोळ'. दोघांनी 'मामा' लिहिलं, ते गेले. तिसरीने 'मामी' लिहिलं होतं, तेही लिंगबदल म्हणून उडवलं. चौथ्याचं 'आजी', ते तर आजोळच्याच कुळातलं म्हणून बाद. म्हणजे राज्यवालीने डोळे उघडले तर समोर एकही शब्द नाही! मग 'कूळ' नक्की धरायचं कसं?

सांबारवडी:
त्या नागपूरच्या दोघींतली एक मी 😄 आधी माझी तक्रार ऐका. शब्द होता 'कोथिंबीर'. 'जुडी' दोघांनी लिहिलं म्हणून गेलं, एकाने 'फुकट' लिहिलं (भाजीवाल्याकडून फुकट मिळायची म्हणून, क्लू भारीच होता), आणि मी 'सांबार' लिहिलं कारण आमच्याकडे कोथिंबिरीला सांबारच म्हणतात. आणि ही पुण्याची बाई 'फुकट' आणि 'सांबार' बघून म्हणते 'इडली'! का तर म्हणे हॉटेलात सांबार फुकट मिळतं. दोन पत्ते गेले आणि बोलणी मला बसली. आता तुम्ही सांगा, माझा शब्द मराठी नाही का?

चिंचोका:
मराठी आहे गं, बाद कुठे केला, पण राज्य कोणावर आहे ते बघून लिही ना. जर्मनीवाल्याला 'अढी' (पेंढ्यात आंबे पिकत घालतात ती) लिहिलं तर त्याला आंबा कसा आठवेल, त्याने अढी फक्त 'मनात अढी' मधेच ऐकलीय.

पाटावरवंटा:
मूळ प्रश्नावर येतो. व्युत्पत्तीने कूळ ठरवायला गेलात तर खेळ बंदच पडेल. 'गाय' घ्या. गोठा हा गोष्ठ वरून, गवळी गोपाल वरून, दोन्हींत गाय बसलेलीच आहे. म्हणजे गोठा बाद, गवळी बाद, गोमूत्र तर बादच. इतकंच काय, 'गोष्ट' सुद्धा गोष्ठी वरून आणि गोष्ठी परत त्याच गोठ्यातली, आता गोष्ट या शब्दात कोणाला गाय दिसते सांगा. तसंच पाणी हे पानीय वरून आणि पन्हं पानक वरून, धातू एकच, पा म्हणजे पिणे. पण पाण्यासाठी कोणी 'पन्हं' लिहिलं तर त्याला अडवणार का?

माझं मत, कोश बंद करायचा आणि कान उघडे ठेवायचे. साध्या खेळणाऱ्याला शब्द ऐकल्याबरोबर आतला दुसरा शब्द ऐकू आला की एकच कूळ. पाणवठा, पाणपोई, पाणबुडी बाद, कारण 'पाण' ऐकू येतं. पन्हं चालेल. गोठा चालेल. आजोळ-आजी मात्र बाद, तिथे कोशाचीही गरज नाही.

चिंचोका:
हे आवडलं. मग मामा-मामी?

पाटावरवंटा:
सेम. वाघ-वाघीण, मामा-मामी, काका-काकू, माणसं आणि प्राणी असतील तर जोडी सेमच धरा, कारण क्लू म्हणून दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात. वस्तूंना मात्र हा नियम लावू नका. मराठीत वस्तूचं लिंग बदललं की वस्तूच बदलते. विळा शेतात, विळी ओट्याखाली. आणि पोळा, पोळी, पोळं बघा, एक बैलांचा सण, एक ताटात, एक झाडाला लटकलेलं मधमाश्यांचं, यांना एकमेकांचं अनेकवचन नि स्त्रीलिंग म्हणून बाद केलं तर हसू होईल.

उभे_आडवे:
मी दुसरीकडून बोलते. आम्ही कागद न दाखवता एका वेबसाइटवर टाइप करून खेळतो, तिथे मशीन सेम शब्द आपोआप उडवतं आणि मराठीत त्याची पार वाट लागते. एकाने 'लाटणं' लिहिलं, दुसऱ्याने 'लाटणे', मशीनच्या मते दोन वेगळे शब्द. 'विळी' आणि 'विळि' पण वेगळे. याच्या उलट 'दिन' आणि 'दीन' खरंच वेगळे शब्द आहेत पण तिथे आम्हीच भांडतो की याने ऱ्हस्व-दीर्घ चुकवलंय का खरंच गरीब म्हणायचंय. आणि 'जग' लिहिलं तर दुनिया या अर्थाचं का जगणे मधलं, बोलताना ज वेगळा, लिहिताना एकच. म्हणून आता शेवटी माणूसच बघतो.

आणि एक, क्लूला मराठीत काय म्हणता? आम्ही 'सुगावा' म्हणून बघितलं.

चिंचोका:
सुगावा नको, सुगावा लागतो, कोणी मुद्दाम देत नाही. 'इशारा' म्हटलं की हवामान खात्याचा मुसळधार पाऊस आठवतो. 'खूण' त्यातल्या त्यात बरा आहे, खाणाखुणा वगैरे, पण 'तू कुठली खूण लिहिलीस' असं तोंडात बसत नाही. आम्ही क्लूच म्हणतो आणि सुखात आहोत.

उत्तम क्लू कसा असावा याचं एक सांगते मात्र. शब्द 'पायरी'. जिना सगळ्यांनाच सुचतो, म्हणून चौघांनीही तो टाळला 😂 एकाने 'हापूस' लिहिलं, एकीने 'उंबरठा', एकीने 'नामदेव' आणि एकीने 'दगड'. राज्यवाला सांगलीकर, त्याने हापूस बघून आधी तोंड वाकडं केलं, मग नामदेव वाचला आणि हापूसकडे परत बघितलंच नाही, पंढरपूर, महाद्वार, पायरी! हापूसवाला अजून म्हणतो की पायरी आंबा माझ्यामुळे आठवला.

सांबारवडी:
अनुवादाचं राहिलं. दुसऱ्या भाषेतला तोच शब्द चालत नाही ना? मग 'पाणी' ला 'जल' चालतं का?

पाटावरवंटा:
जल चालेल, तो मराठीतही वापरात आहे, समानार्थी शब्दावर बंदी नाही. 'वॉटर' नाही. खरी पंचाईत 'हॉस्पिटल' ला 'इस्पितळ' ची आहे. पोर्तुगीजांकडून आलं, मूळ एकच, पण आपल्या बोलण्यात ते वेगळं घर करून राहिलंय. कानाचा नियम लावला तर कान म्हणतो अर्धं सेम, अर्धं नाही. अशा वेळी राज्यवाल्याशिवाय बाकीच्यांनी हात वर करून ठरवा.

सांबारवडी:
आणि 'फोडणी' ला 'फोड' चालेल? आंब्याची फोड?

पाटावरवंटा:
नाही. फोड, फोडणी, फोडाफोडी, तिन्हींत 'फोडणे' ढळढळीत ऐकू येतं.

उभे_आडवे:
'फोडाफोडी' आमच्याकडे आला होता, चारही जणांनी 'आमदार' लिहिलं आणि चारही बाद झाले.