कळते, पण वळते का?

धरमपेठकर: सीताबर्डीच्या आमच्या वाचनगटात प्लेटोच्या नावावरचा ‘अल्किबायडीझ’ हा संवाद सुरू आहे. राजकारणात उतरण्यापूर्वी स्वतःला ओळख, असे सॉक्रेटिस त्यात अल्किबायडीझ या अथेन्सच्या तरुणाला बजावतो; परंतु केवळ ओळखल्याने स्वभाव बदलतो काय?

महालवासी: डोळा जसा दुसऱ्याच्या बुबुळात स्वतःला पाहतो, तसा आत्मा दुसऱ्या आत्म्यात, विशेषतः त्यातील शहाणपणात, स्वतःला पाहतो, असे तिथेच म्हटले आहे, म्हणजे हे एकट्याने जमणारे काम नव्हे, उलटतपासणी घेणारा सोबती हवाच.

जुना विद्यार्थी: सोबतीला साक्षात सॉक्रेटिस होता, तरी हाच अल्किबायडीझ इ.स.पू. ४१५ मध्ये खटला टाळून निसटला आणि अथेन्सचा शत्रू असलेल्या स्पार्टाला जाऊन मिळाला! सद्गुण सवयीने अंगी बाणतात, हे ॲरिस्टॉटलचे म्हणणेच मला अधिक पटते.

धरमपेठकर: मग रविवारी ॲरिस्टॉटलच्याच ‘निकोमाखियन एथिक्स’ या नीतिशास्त्रावरील ग्रंथाचा सातवा खंड घेऊ, कळूनही न वळण्याची चर्चा त्यातच आहे.