राजांची हसवणारी चित्रं इतिहासाला मारक आहेत का?

गावकूस:
जॉन लीच या इंग्रज व्यंगचित्रकाराची चित्रं परवा पुन्हा काढून बसलो. गिल्बर्ट अ बेकेटने १८४७-४८ साली इंग्लंडचा विनोदी इतिहास लिहिला, त्यासाठी लीचने वीस रंगीत चित्रं काढली. त्यातलं एक इंग्लंडचा राजा रिचर्ड आणि धर्मयुद्धातला त्याचा प्रतिस्पर्धी सुलतान सलादिन यांच्या 'भयंकर झुंजी'चं. मुळात हे दोघं आयुष्यात कधी समोरासमोर आलेच नाहीत, ११९२ चा तहसुद्धा दूतांमार्फत झाला. तरी चौदाव्या शतकातल्या लट्रेल सॉल्टर या प्रार्थनाग्रंथात हीच झुंज अगदी गंभीरपणे रंगवलीय. रिचर्डचा भाला बसलाय, सलादिन घोड्यावरून कलंडतोय आणि त्याचा चेहरा निळा, राक्षसासारखा.
लीचची झुंज कुणी खरी धरत नाही. धोका त्या निळ्या चेहऱ्याचा आहे. शाळेत राजे शिकवताना लीच दाखवायलाच हवा.

मेघमल्हार_७:
साफ असहमत. त्याच धर्मयुद्धात, ऑगस्ट ११९१ मध्ये, अक्का शहराबाहेर रिचर्डने सुमारे २,७०० कैदी कापून काढले. त्याला हसून झाल्यावर त्या कैद्यांची आठवण कोण ठेवणार? हसू आलं की राग विरतो. लीचबरोबर 'पंच' या विनोदी साप्ताहिकात काम करणारा लेखक डग्लस जेरल्डही बेकेटच्या या पुस्तकावर नाराज होता. आयुष्यात काहीतरी गंभीरही असतं, असं त्याने कादंबरीकार डिकन्सला पत्रातून कळवलं. घरचाच माणूस होता तो.

शाईदौत:
मी सातवीला इतिहास शिकवते. इंग्लंडचा जॉन राजा पिसाच्या लेखणीने मॅग्ना कार्टावर, म्हणजे राजाच्या सत्तेला मर्यादा घालणाऱ्या सनदेवर, सही करतोय, हे चित्र मुलांनी कुठेतरी पाहिलेलं असतंच. १२१५ मध्ये रनीमीडला सही झालीच नव्हती, राजाची मोहोर, म्हणजे शिक्का, लागला होता. ही चूक रुजवली ती गंभीर चित्रकारांनी. "लेखणी कुठून आली?" एवढंच मी विचारते. मग मुलं बाकीच्या चित्रांवरही प्रश्न काढायला लागतात.

मेघमल्हार_७:
ताई, तुम्ही शेजारी उभ्या असता म्हणून. घरी मोबाइलवर एकटं बसलेलं पोर काय विचारणार?

गावकूस:
'राग विरतो' हे पटत नाही. १८४३ मध्ये लंडनच्या नव्या संसदभवनासाठी भव्य चित्रांच्या नमुन्यांचं प्रदर्शन भरलं. त्या नमुन्यांना कार्टून म्हणत. लीचने 'पंच'मध्ये फाटक्या कपड्यांतली गरीब माणसं चित्रांच्या प्रदर्शनात उभी करून दाखवली, आणि तेव्हापासून तो शब्द व्यंगचित्राला चिकटला. हा माणूस रागानेच काढत होता. उलट त्याच संसदेबाहेर १८६० पासून रिचर्ड तलवार उगारून घोड्यावर बसलाय. चौथऱ्यावर काय कोरलंय? आपल्याला बाण मारणाऱ्याला मरताना माफ करणारा रिचर्ड. अक्काचे कैदी त्यात नाहीत.

मेघमल्हार_७:
पुतळ्याचं मान्य. पण लीचच्या त्या वीस चित्रांतही ते कैदी नाहीतच ना? मुलांना आधी अक्का सांगा, मग लीच दाखवा. मग माझी हरकत नाही.