मिज, चिलट आणि ‘माशी बांधणे’: नेमका शब्द कोणता?

मूळ प्रश्न (धरमपेठ, नागपूर)
गेल्या एप्रिलात भावाबरोबर हिमाचलातल्या तीर्थन नदीवर ट्राउट मासे धरायला गेले होते. तिथं शिकले ते भाच्यांसाठी मराठीत लिहून काढते आहे आणि दुसऱ्याच ओळीत अडले. ‘मिज’ला काय म्हणू? ‘डास’ म्हणावं तर अर्थच फिरतो. ट्राउटच्या पोटात जातो तो मिज दिसायला डासासारखा, पण चावत नाही. संध्याकाळी तळ्याकाठी डोक्यावर बारीक किड्यांचा खांब उभा राहतो, तशातला हा. मला ‘चिलट’ जवळचं वाटतं.
दुसरा प्रश्न ‘फ्लाय टाय करणे’चा, म्हणजे गळावर दोरा, पिसं गुंडाळून माशाला फसवणारा खोटा किडा बनवण्याचा. ‘माशी बांधणे’ लिहिलं तर भाचा विचारतो, मावशी, माशीला दोरी बांधायची का?

महालातून (नागपूर)
ताई, चिलटच ठेवा. पिकल्या केळ्यांवर घोंगावतं त्यालाही आमच्या घरी चिलटच म्हणतात, म्हणून पहिल्यांदा ‘पाण्यावरचं चिलट’ लिहा, पुढं नुसतं चिलट चालेल. पण एक सांगा, मासा खातो तेव्हा हा किडा उडत असतो का?

धरमपेठ
काका, नेमकं तिथंच बोट ठेवलंत. बहुतेक वेळा उडत नसतोच. आधी अळी तळाच्या गाळात राहते. काही जातींच्या अळ्या लालभडक असतात, कारण त्यांच्या अंगात आपल्या रक्तासारखंच हिमोग्लोबिन असतं आणि प्राणवायू कमी असलेल्या गाळातही त्यांचं भागतं. मत्स्यालयाच्या दुकानात ‘ब्लडवर्म’ म्हणून मिळतात त्या याच. मग कोष होतो, तो वर येतो आणि पंख फुटेपर्यंत पाण्याच्या पृष्ठाखाली लटकून राहतो. ट्राउट त्याला तिथंच हलकेच टिपतो. हिवाळ्यात बाकीचे किडे दिसेनासे होतात तेव्हाही हे निघतच असतात, म्हणून थंडीत त्यांचं मोल फार.
इंग्रजीत या तिन्ही अवस्थांना सरसकट मिज म्हणतात. त्यांची नक्कल करणाऱ्या खोट्या किड्यांनाही तेच नाव. ‘झेब्रा मिज’ घ्या. गळावर काळा दोरा, त्यावर रुपेरी तारेचे तिरपे वेढे, डोक्याशी एक मणी. पंख नाहीत. त्याला चिलट कसं म्हणू?

भंडाऱ्याहून
ताई, आमच्याकडं गळाला गरी म्हणतात. तळ्यावरच्या ढीवर काकांच्या तोंडून मी लहानपणापासून हाच शब्द ऐकून राहिलो. तुम्ही बनवता ती माशी नाहीच, किड्याचं सोंग घेतलेली गरी आहे. मग नाव गरीवरूनच पाडा न! अळीगरी, कोषगरी, चिलटगरी. शिवाय ‘माशाने माशी घेतली’ हे कानाला खटकते. मासा मत्स्यवरून आला, माशी मक्षिकेवरून. मराठीत येईस्तोवर दोन्ही इतके जवळ आले की मुलं गोंधळणारच.
‘बांधणे’ मात्र सोडू नका. फेटा बांधतो म्हणजे फेट्याला दोरी लावत नाही, बांधल्यावरच त्या कापडाचा फेटा होते. तुमच्या दोऱ्याचंही तसंच आहे.

धरमपेठ
भाऊ, फेट्याचा दाखला पटला, आणि अळीगरी तर फारच आवडली. फक्त ‘गरी बांधणे’ म्हणजे दोरीला गरी बांधणे असाही अर्थ होतो. म्हणून मी दोरा गुंडाळून घडवण्याला ‘बांधणे’ ठेवते आणि दोरीशी जोडण्याला ‘लावणे’. अळीगरी बांधली, मग दोरीला लावली. ‘विणणे’ही सुचलं होतं, पण विणीत दोरे एकमेकांत अडकतात. इथं चक्रीवर मांजा गुंडाळतो तसे वेढ्याला वेढा लागून बसतात.

महालातून
आकाराचं कसं सांगणार? भाचे चक्रावतील, कारण 18 पेक्षा 24 नंबरचा गळ लहान असतो म्हणता.

धरमपेठ
त्याला सुताचा दाखला देते, काका. नंबर वाढला की सूत बारीक.

महालातून
वा! माझे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये कताई खात्यात होते. 1877 ची गिरणी ती. त्यांच्या बोलण्यात 20 नंबर जाड, 40 नंबर बारीक हे रोजचं होतं. हा दाखला नक्की ठेवा. नागपुरात तो सांगायला परका वाटणार नाही.

धरमपेठ
ठेवते. आता एकच उरलं. ‘ग्रिफिथ्स नॅट’ नावाची एक बांधणी आहे, ट्राउट अनलिमिटेड या संस्थेच्या संस्थापकांपैकी जॉर्ज ग्रिफिथ यांच्या नावाची. मोरपिसाचे तंतू गळावर गुंडाळायचे आणि वरून कोंबड्याच्या मानेचं करडं चट्टेरी पीस फिरवायचं. पाण्यावर तरंगते तेव्हा ती एकाच चिलटासारखी नाही, गोळा झालेल्या बऱ्याच चिलटांसारखी दिसते. तिला चिलटगरी म्हटलं तर ही खुबीच हरवते.

भंडाऱ्याहून
पुंजकागरी म्हणा, ताई. चिलटं पाण्यावर एका जागी जमली की आम्ही पुंजकाच म्हणतो.

धरमपेठ
पुंजकागरी. लिहून घेतलं, भाऊ.