कोळशाला सबसिडी मिळते म्हणजे नक्की काय मिळतं?

हर्णैचा तांडेल:
आमची बोट हर्णै बंदरात. डिझेलवरच्या कराचा परतावा सोसायटीमार्फत येतो, म्हणजे येतो तेव्हा येतो. बिलांची चळत रबर लावून फळीवर पडलीय, वरची दोन खाऱ्या पाण्याने पुसट झालीत. काल टपरीवर एकजण म्हणाला, "तुम्हा मच्छीमारांना सगळं सरकारने द्यायला हवं." मी म्हटलं, जयगडला जहाजाने कोळसा उतरतो ना, त्या धंद्याला जगभरची सरकारं काय देतात ते बघ आधी. पण नेमकं काय देतात? जाणकारांनी सांगा.

देवगडकर:
तांडेलभाऊ, तुमच्या परताव्याचा सख्खा भाऊ ऑस्ट्रेलियात आहे. रस्त्यावर न चालणाऱ्या यंत्रांच्या डिझेलवरचा अबकारी कर तिथे परत मिळतो. शेतकरी-मच्छीमारांनाही मिळतो, पण मोठा घास खाणवाल्यांचा. त्यांचं म्हणणं, ही सबसिडीच नव्हे, आमचे डंपर सरकारी रस्ता झिजवतात कुठे? (आपण बोटीबद्दल हेच म्हणतो की!)

जर्मनीचं वेगळं. तिथल्या रूर खोऱ्यातला दगडी कोळसा खोलातून काढायचा, म्हणून महाग. बाहेरून आलेला स्वस्त. मधला फरक सरकार वर्षानुवर्षं भरत राहिलं. 2007 साली हे थांबवायचं ठरलं, आणि शेवटची खाण, बॉट्रॉप गावची, बंद व्हायला डिसेंबर 2018 उजाडला. आता लिग्नाइटची (म्हणजे हलक्या प्रतीच्या तपकिरी कोळशाची) वीजकेंद्रं बंद करायलाही पैसे मोजतायत, एकट्या आरडब्ल्यूई या वीजकंपनीला 260 कोटी युरो.

गुहागरची लेक:
आपल्याकडे तर उलटंच आहे, दादा. 2010 मध्ये कोळशावर टनाला 50 रुपये उपकर लागला, 2016 पर्यंत तो 400 झाला. सप्टेंबर 2025 मध्ये उपकर गेला, पण जीएसटी 5 वरून 18 टक्के. वर रेल्वे कोळशाच्या भाड्यावर कमावते आणि प्रवाशांची तिकिटं स्वस्त ठेवते. मग सबसिडी कोण कोणाला देतंय?

देवगडकर:
मुद्दा बरोबर. पण कोळशापासून गॅस करण्याच्या प्रकल्पांना केंद्राने जानेवारी 2024 मध्ये 8,500 कोटी मंजूर केले, ती सरळ मदतच. शिवाय धुराचा नि राखेचा खर्च कंपनी पूर्ण भरत नाही. मी तोही धरतो, सगळे धरत नाहीत. अमेरिकेत खाणकामगारांच्या फुप्फुसांच्या आजारासाठी कोळशावर कर लावून निधी केलाय. तो पुरत नाही, म्हणून निधी सरकारी तिजोरीकडून उसने घेतो.

हर्णैचा तांडेल:
ते सगळं ठीक. ऑस्ट्रेलियात परतावा मिळतो कसा, ते सांगा.

देवगडकर:
कराच्या विवरणपत्रातच मागायचा, देण्यातून वजा होतो. मोठ्या कंपन्या ते दर महिन्याला भरतात.